हरकत नाही

रत्नागिरीला बाहेरच्या माणसांची सवय आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे आला, म्हणजे इंग्रजांनी त्याला आणून ठेवला, आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं राहिला, १९१० साली त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडाही झाला; पण गावाच्या लेखी तो शेवटपर्यंत ब्रह्मदेशचा तो ब्रह्मदेशचाच. सावरकर १९२४ साली इथे राहू लागले ते सरकारच्या दोन अटींवर. जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. अशी तेरा वर्षं गेली. राजकारण बंद म्हणून त्यांनी समाजकारण हाती घेतलं, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि गावातली सनातनी मंडळी अशी हादरली की सरकारलाही वाटलं असेल, यापेक्षा राजकारण परवडलं असतं.

उलट जी माणसं इथली, ती बाहेर गेली. लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले आणि लहानपणीच पुण्याला गेले. गोपाळ कृष्ण गोखले याच जिल्ह्यातल्या कोतळूकचे. म्हणजे जहाल आणि मवाळ, दोन्ही माल देशाला आम्हीच पुरवला. 'आम्हीच' हा शब्द मी फक्त लिहिताना वापरतो. बोलताना वापरला तर आळीतले लोक हसतात.

माझ्यावर मात्र सरकारनं राजकारणबंदी घातलेली नव्हती. सौ.नं घातली होती. पण तिच्यात कलम, पोटकलम, मुदत असं काहीच नव्हतं. "तुम्हांला जमायचं नाही," एवढं एकच वाक्य. ही बंदी नसून अभिप्राय आहे, असा मी अर्थ लावला आणि अभिप्राय फायलीला लावून पुढे गेलो.

हा फायलीचा नाद मला साताऱ्याहून लागलेला. चौतीस वर्षं मी ट्रेझरीत काढली आणि २०११ साली निवृत्त होऊन सौ.च्या माहेरच्या आळीत घर घेतलं. जावई हा बाहेरचाच माणूस असतो. फक्त त्याला पाट मांडून बाहेरचा ठेवतात. माझं वळण जुनं. कर्मठ नव्हे, सोवळंओवळं मी सौ.ला विचारून पाळतो. पण जे चालत आलेलं आहे ते बदलण्याआधी, ते इतके दिवस का चाललं होतं हे बदलणाऱ्यानं कागदावर लिहून द्यावं, एवढी माझी मागणी असते. ट्रेझरीत याला आक्षेप म्हणतात. मी इतकी बिलं आक्षेप घेऊन परत पाठवली आहेत की साताऱ्यातले काही शिक्षक अजूनही मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

साताऱ्यात मी स्वतःला मोठा परंपरावादी समजत होतो. इथे आल्यावर कळलं की या विषयात आपण अजून बिगरीत आहोत. आमच्या आळीत फणसाच्या एका फांदीवरून कोर्टात दावा चालू आहे. तो लावणारे दोघेही केव्हाच वारले. त्यांचे नातू तारखेला एकाच रिक्षातून जातात, भाडं निम्मं निम्मं देतात आणि कोर्टात एकमेकांकडे बघत नाहीत. शिमग्यात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते. ती कुठे थांबायची, कुणी खांदा द्यायचा, कुणाचा नारळ आधी, याचा कुठेही कागद नाही. पण एक नारळ मागेपुढे झाला तर सगळ्या गावाला ठाऊक असतं. हे पाहून माझे डोळे भरून आले. एवढं सगळं बिनकागदी टिकून राहिलेल्या गावात, 'परंपरा जपू' असं छापणाऱ्या पक्षात आपण असलंच पाहिजे, असं मला वाटलं.

पक्षाचं नाव सांगत नाही. ते कळलं की निम्मे वाचक पुढचं वाचणार नाहीत आणि उरलेले निम्मे न वाचताच 'छान' म्हणतील. त्याचा जाहीरनामा मी नगर वाचनालयात बसून वाचला. वाचनालय १८२८ सालचं आहे, त्यामुळे तिथे बसून काहीही वाचलं तरी ते भारदस्त वाटतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि थेट पक्षाच्या कार्यालयात गेलो.

कार्यालयात दोन तरुण मोबाइलला वीज पाजत बसले होते.

"कुणाकडून आलात काका?" एकानं विचारलं.

"कुणाकडून नाही. जाहीरनामा वाचून आलो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण आत गेला आणि शहराध्यक्षांना घेऊन आला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"जागेचं काही काम होतं?"

"नाही."

"मुलाच्या नोकरीचं?"

"मुलगा बंगलोरला असतो. चांगला आहे."

"मग तुम्हांला त्यांनी पाठवलंय का?" 'त्यांनी' म्हणजे समोरच्या पक्षानं. स्वतःच्या पायांनी, काही न मागता, मजकूर वाचून आलेला माणूस त्या खोलीनं पाहिलाच नव्हता. मी पक्षाची घटना मागितली तेव्हा तर त्यांचा संशय पक्का झाला. शेवटी ती कपाटावर सापडली. तिच्यावर चहाचा थर्मास ठेवत असत. मी वर्गणी भरली आणि पावती मागितली. पावतीपुस्तक आणायला एक मुलगा सायकलवरून गेला तो दुसऱ्या दिवशी आला.

माझं अक्षर बरं म्हणून मला सभांची इतिवृत्तं लिहायचं काम मिळालं. सहाची सभा साडेसातला सुरू व्हायची. मी पावणेसहाला जाऊन बसायचो आणि घडलं तेवढंच लिहायचो. 'सभेस अकरा जण उपस्थित. चहा झाला. मागील सभेत ठरलेल्या विषयावर पुन्हा ठरले. अध्यक्षांच्या आभारानंतर चर्चेस सुरुवात झाली.' पुढे शहराध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, जरा कमी खरं लिहा."

सभेत एक वाक्य हमखास यायचं : "रत्नागिरी हा आपला बालेकिल्ला आहे." गंमत अशी की हे वाक्य इथल्या प्रत्येक पक्षाच्या सभेत येतं आणि प्रत्येकाकडे पुरावा असतो. १९५७ साली जनसंघाचे सबंध देशातून चार खासदार निवडून आले. त्यांतले एक बलरामपूरहून वाजपेयी आणि एक रत्नागिरीहून प्रेमजीभाई आसर. म्हणजे बालेकिल्ला उजव्यांचा. पण त्याच साली शेजारच्या राजापूर मतदारसंघानं नाथ पैंना दिल्लीला पाठवलं आणि त्यांच्यामागून मधु दंडवत्यांना १९७१ पासून ओळीनं पाच वेळा. म्हणजे बालेकिल्ला समाजवाद्यांचा. दंडवते तर मूळचे नगरचे, माझ्यासारखेच घाटावरचे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या कुसुमताई अभ्यंकरांनाही रत्नागिरीनं विधानसभेत बसवलं. तो बालेकिल्ला कुणाचा म्हणायचा? लायब्रऱ्यांचा? मला यातून एवढंच दिसलं की इथला मतदार विचारसरणी ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मत माणसाला देतो. हे मी सभेत बोलून दाखवलं. इतिवृत्तात ते लिहिण्याची गरज नाही, असं एकमतानं ठरलं. इतकं एकमत त्या सभेत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग २०१६ ची नगरपरिषदेची निवडणूक आली. मतदान २७ नोव्हेंबरला. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या नि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. निवडणूक म्हणजे रोखीचा धंदा. कार्यकर्ता उधारीवर घोषणा देत नाही. सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एटीएमच्या एकाच रांगेत उभे राहून वेळ जात नाही म्हणून एकमेकांना पत्रकं वाटत होते. नाक्यावरच्या वडापाववाल्यानं शेवटी प्रत्येक पक्षाचं वेगळं खातं उघडलं. ट्रेझरीतला माणूस म्हणून आमचं खातं माझ्याकडे आलं. एका दिवसात साठ वडापाव आणि सभेला उपस्थिती चौदा, असा हिशेब दिसल्यावर मी आक्षेप घेतला. दुसऱ्या दिवशी उपस्थिती नऊवर आली.

प्रचाराला मी वॉर्डप्रमुखांबरोबर घरोघर फिरलो. मी प्रत्येक दारात परंपरा, राष्ट्र आणि आर्थिक शिस्त असं तीन मिनिटांत सांगायचं बसवलं होतं. एका घरी आजोबांनी ते सगळं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बोलता छान. पण १९८२ साली तुमच्या उमेदवाराच्या घरी लग्न होतं, तेव्हा आमच्याकडचं मोठं पातेलं नेलंय. ते अजून परत आलेलं नाही." मी वहीत नोंद केली. राष्ट्र, शिस्त, पातेलं. वॉर्डप्रमुख मात्र कुणाकडे मत म्हणून मागत नव्हते. "आईच्या गुडघ्याचं कसं काय? कलमांना मोहोर दिसतोय की नुसतीच पालवी? धाकटीचं ठरलं का?" एवढं बोलून चपला घालायचे. आठव्या घरी मी न राहवून विचारलं, "अहो, मत कधी मागणार?"

"मागायचं कशाला? आपण आलो ते त्यांना कळलं की," ते म्हणाले.

त्या वेळी एका मतदाराला तीन मतं द्यायची होती. प्रभागातले दोन नगरसेवक आणि थेट जनतेतून एक नगराध्यक्ष. मी पुठ्ठ्यावर तीन बटणं काढून लोकांना समजावत होतो, तिन्ही आमच्याच चिन्हाला कशी दाबायची ते. लोकांना समजत नव्हतं असं नाही. उलट फारच चांगलं समजलं होतं. एक बटण शेजाऱ्याला, एक व्याह्यांना आणि एक विचारांना, अशी वाटणी करून तीन पक्षांशी संबंध राखण्याची सोय सरकारनंच करून दिली आहे, असा बहुतेकांचा समज झाला होता. घरचीच गोष्ट घ्या. समोरच्या पक्षाचा उमेदवार सौ.चा मामेभाऊ. तो आमच्या दारात हात जोडून आला, पोहे खाल्ले, माझ्या पाया पडला आणि माझ्याच छातीवरचा आमचा बिल्ला वाकडा झाला होता तो सरळ करून गेला. मी सौ.ला विचारलं, "मत कुणाला?"

"मत गुप्त असतं. तुमच्याच पत्रकात छापलंय," ती म्हणाली.

मतदानाच्या दिवशी मी आमच्या पक्षाचा मतदान प्रतिनिधी होतो. शाळेची खोली, दुसरीच्या पोरांचं बाक, त्यावर तीन पक्षांचे तीन प्रतिनिधी गुडघे हनुवटीला लावून बसलेले. माझ्याकडे मतदारयादी, पट्टी आणि तांबडीनिळी पेन्सिल. समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी आळीतलाच एक रिक्षावाला होता. त्याच्याकडे यादी होती, पण ती तो वारा घ्यायला वापरत होता. दारात माणूस दिसला की हा नाव सांगायचा, घर सांगायचा आणि कुठल्या मुलीकडे राहून आला तेही सांगायचा. आम्हांला वरून सूचना होती : लढत अटीतटीची आहे, शंका आली की हरकत घ्या. हरकत घेण्यात माझा हात धरणारा त्या खोलीत कोणी नव्हता. वरिष्ठांनी माणूस अगदी पारखून बसवला होता.

दुपारी तीनच्या सुमाराला एक आजी आल्या. दर सोमवारी आमच्या दारात आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन येतात त्या. सगळ्या आळीला ठाऊक होतं की त्या समोरच्यांच्या. यादीत नवऱ्याचं नाव बरोबर, आडनाव बरोबर. पण त्यांचं स्वतःचं नाव भलतंच, वय एकतीस आणि लिंग पुरुष. हातातल्या ओळखपत्रावर तिसरंच नाव. केंद्राध्यक्षांनी कागद पाहिला, आजींकडे पाहिलं आणि आमच्या बाकाकडे वळून विचारलं, "कुणाची हरकत?"

रिक्षावाला काही बोलला नाही. वारा घ्यायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. खोलीतले सगळेच माझ्याकडे बघत राहिले. कारण आजींना न ओळखण्याची सोय असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. बाहेरचा माणूस ना!

वाचकहो, ट्रेझरीत नोव्हेंबर महिना फार वाईट. निवृत्तिवेतनवाल्यांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायचं. चौतीस नोव्हेंबर मी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या अशा आज्या पाहिल्या. कुणाचं नाव हुकुमात एक आणि पासबुकात दुसरं, कुणाचा अंगठा झिजून उमटत नाही, कुणाची जन्मतारीख मुलाच्या जन्मतारखेनंतरची. एरवी आक्षेपासाठी मी जिल्ह्यात प्रसिद्ध होतो; पण नोव्हेंबरात माझा एक नियम होता. कागद चुकला तर कागद दुरुस्त करायचा, आजी नव्हे. याला कुणी माझी दया समजू नये. हा शुद्ध परंपरावाद आहे. यादी छापलेली २०१६ साली. आजी त्याच्या ऐंशी वर्षं आधीच्या. दोघांत वाद झाला तर मान जुन्याचा. पालखीला जो न्याय तोच यादीला.

"हरकत नाही," मी म्हणालो. "मी ओळखतो यांना."

आजींच्या बोटाला शाई लागली. यंत्राकडे जाता जाता त्या थांबल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरं झालं जावईबापू. पन मी मत तुमाला नाय देनार हां, आदीच सांगते. नातवाच्या लग्नाला तुमच्यातला एक बी नाय आला."

"आजी, आजी, मत गुप्त असतं!" केंद्राध्यक्ष उठून उभे राहिले.

"गुप्त कशाला? सगल्यांना ठावं हाय," आजी म्हणाल्या आणि आत गेल्या. तीनदा आवाज आला. रिक्षावाल्यानं आपल्या डब्यातला रव्याचा लाडू काढून मुकाट्यानं माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. आमचा उमेदवार सात मतांनी पडला. लगेच चिंतन बैठक बसली. बैठकीत वरून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "बूथवर हरकती का घेतल्या नाहीत?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभा राहिलो. म्हणालो, "मतं सातांनी कमी पडली. आजींनी दाबली ती बटणं तीन. त्यातलं या उमेदवाराच्या जागेचं एक. उरलेली सहा कुठे गेली ते मला माहीत नाही. पण त्यांतली चार तरी पातेल्यात गेली असावीत." इतिवृत्त लिहायला मीच होतो. त्यात मी लिहिलं : 'हरकत का घेतली नाही, या प्रश्नावर संबंधितांनी हरकत नसल्याचे सांगितले.'

पुढच्याच महिन्यात मला बढती मिळून मी पक्षाच्या सल्लागार मंडळावर गेलो. सल्लागार मंडळ म्हणजे डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली ट्रंक. कपडा टाकून देत नाहीत आणि घालतही नाहीत. माझी तक्रार नाही. जुन्या वळणाच्या माणसाला ट्रंकेइतकी योग्य जागा दुसरी नाही. पातेलं मात्र मी पाठपुरावा करून परत मिळवून दिलं. ते उमेदवाराच्या माळ्यावर होतं आणि त्यात जुने बिल्ले भरलेले होते, तेही तीन वेगवेगळ्या पक्षांचे.

त्यानंतर राजकारणात फार उलथापालथ झाली. २०२२ साली एका पक्षाचे दोन झाले, २०२३ साली आणखी एकाचे दोन झाले. माझ्या पक्षाचं काय झालं ते सांगितलं तर नाव कळेल. इकडे नगरपरिषदेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक डिसेंबर २०२५ पर्यंत झालीच नाही. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर आजी-माजी, सत्ताधारी-विरोधी सगळे संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसू लागले. फणसाच्या दाव्यातले नातूसुद्धा. पक्ष फुटले, चिन्हं बदलली. पण कुणाच्या दारात आधी जायचं, कुणाच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायची, कुणाच्या लग्नाला गेलंच पाहिजे, यातलं काही बदललं नाही. मी जाहीरनाम्यात जे शोधत होतो ते कट्ट्यावर होतं आणि त्याला वर्गणी नव्हती.

त्या डिसेंबरात मी मत द्यायला गेलो. प्रतिनिधी म्हणून नव्हे, साधा मतदार. यादीत माझं आडनाव भलतंच छापलेलं आणि वय एकशे सात. केंद्राध्यक्ष नवीन होते, तरुण होते. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बाकाकडे वळून विचारलं, "यांना कुणी ओळखतं का?"

बाकावर तोच रिक्षावाला बसलेला. केस पांढरे झालेले, पक्ष बहुधा बदललेला, यादीनं वारा घेणं तेवढं कायम.

"ह्यांना कोण नाय ओळखत?" तो म्हणाला. "बाहेरचे आहेत ते. साताऱ्याचे. आमचे जावई."

"मग हरकत?"

"छे हो! हरकत कसली?"

मी शाई लावून घेतली आणि आत जाऊन बटणं दाबली. कुणाला ते विचारू नका. मत गुप्त असतं. आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.